भेटीची किंमत

आमचे धाकटे बंधू सहकुटुंब अमेरिकेत असतात. दरवर्षी सोलापुराहून चादरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांस पाठविण्याचा आमचा परिपाठ आहे. पूर्वी ८०० डॉलरांपर्यंतच्या मालावर तिकडे जकात पडत नसे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ रोजी संपली व आपल्या टपालखात्यासही तिकडची पार्सले काही काळ थांबवावी लागली. १५ ऑक्टोबरपासून ती पुन्हा घेऊ लागले, परंतु लिहिलेल्या किमतीच्या निम्मी जकात येथेच आगाऊ भरावयाची होती. १०० डॉलरांपर्यंतच्या भेटींस तेवढी माफी होती.

यंदा वहिनींसाठी साडी घातल्यामुळे आमची बेरीज त्यापुढे गेली. “किंमत कमी लिहा, कोण पाहतो?” असा सल्ला एका स्नेह्यांनी दिला. मातोश्री म्हणाल्या, “पूर्वभागातल्या विणकराच्या कष्टाचे मोल आपल्याच हाताने कशाला उतरवायचे?” आम्ही खरी किंमत लिहिली व जकात भरली.

रक्कम जड वाटली, हे खरे. परंतु खोट्या कागदापायी पार्सल अडले, तर जाब द्यावा लागतो तो परमुलखात राहणाऱ्या आपल्याच माणसाला. आणि तेथे त्याच्या पाठीशी उभे राहावयास आपण कोणी नसतो.