साध्या कागदावरची सही

आमच्या होस्टेलवर कोणी जरा विचित्र वागलं की एकच डायलॉग ठरलेला, "याला येरवड्याला टाका रे!" मीही तो शंभर वेळा मारला असेल. पेपरच्या आदल्या रात्री भिंतीशी बोलत पाठांतर करणाऱ्याला, प्रेमभंगानंतर दाढी वाढवलेल्याला, अगदी मेसची भाजी दुसऱ्यांदा मागणाऱ्यालासुद्धा. हसायचं आणि सोडून द्यायचं. थर्ड इयरला मात्र हा डायलॉग माझ्या घशात अडकला. तो अजून तिथेच आहे.

गोष्ट माझ्या रूममेटची. नाव लिहीत नाही. लेख त्याला वाचून दाखवलाय, "छाप, पण नाव नको" एवढीच त्याची अट. मराठवाड्यातल्या छोट्या गावातला पोरगा, एम-थ्रीमध्ये अख्ख्या विंगला तारणारा. सेकंड सेमच्या सुरुवातीला त्याची झोप उडाली. आम्हाला वाटलं सबमिशनचं टेन्शन. मग म्हणायला लागला, मेसच्या जेवणात काहीतरी घालतात. आम्ही म्हटलं, "घालतातच, सोडा!" सगळे हसले. तो हसला नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत खिडकीला पेपर चिकटले, मोबाईल बंद झाला, जेवण बिस्किटांवर आलं आणि शेवटी बिस्किटंही बंद झाली. एका रात्री अडीच वाजता तो अनवाणी हायवेच्या दिशेने चालत निघाला. वॉचमनकाका मागे धावले म्हणून बरं.

रेक्टर सरांनी घरी फोन लावला. वडील रात्रीची एसटी पकडून सकाळी आले. रूममध्ये पोराकडे बघत नुसतेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "आमाला काय कळतंय त्यातलं, तुमीच बघा बाबा."

डॉक्टरकडे न्यायचं हे ठरलं. न्यायचं कसं, हा प्रश्न होता. त्याचा विश्वास आता फक्त माझ्यावर उरलाय असं सगळ्यांचं मत पडलं, आणि खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला सांगितलं, "प्रोजेक्टसाठी एका कंपनीत जायचंय, स्पॉन्सरशिपचं बोलायला."

त्याने त्या अवस्थेत इस्त्रीचा शर्ट शोधून घातला. फाईल घेतली. तीन दिवस पोटात काही नसलेला माणूस माझ्या शब्दावर तयार होऊन गाडीत बसला. दवाखान्याच्या गेटवरचा बोर्ड त्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला काहीच नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आत गेल्यावर मला वाटलं, आता वडील सही करतील, संपलं. पण डॉक्टर मॅडमनी आधी त्यालाच समोर बसवलं. कुठे आला आहेस, का आणलंय, न खाता राहिलं तर काय होईल असं वाटतं, असं एकेक विचारत गेल्या. मला मनातून वैतागच आला. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला काय विचारायचं? नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला वेगळं तपासलं. मग कुठे वडिलांची सही झाली.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला जे सांगितलं, त्यावरून मी पुढे कायदाच काढून वाचला. इंजिनिअरने कायदा वाचणं म्हणजे गंमतच, पण भाषा वाटली तितकी अवघड नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या आधी १९८७ चा कायदा होता आणि त्याच्या आधी इंग्रजांचा १९१२ चा, ज्याच्या नावातच 'लूनसी' होतं. नव्या कायद्यात धरून चाललंय की प्रत्येक माणूस स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेऊ शकतो. नाही असं म्हणायचं असेल तर तपासून बघायचं. त्याला सांगितलेलं समजतंय का, निर्णयाचे परिणाम उमगतायत का, आणि आपलं म्हणणं तो बोलून किंवा खुणेने सांगू शकतोय का. निव्वळ त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो म्हणून त्याला क्षमता नाही असं म्हणता येत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. या हिशोबाने शाखा निवडतानाच आपल्यातल्या निम्म्यांची क्षमता घरच्यांनी रद्द केली असती!

मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं गंभीर कारण लागतं, आणि दुसरा सौम्य मार्ग उरलेला नसावा लागतो. तेही जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे ठेवायचं तर पुन्हा सगळी तपासणी. पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. पेशंट स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. आणि दर ७ दिवसांनी बघायचं, आता याला स्वतः संमती देता येते का.

एवढे नियम कशाला, असं वाटेल. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत एका आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं त्यात गेली. त्यांना तिथे ठेवणाऱ्या घरच्यांनाही कदाचित वाटत असेल, त्यांच्या भल्यासाठीच. साखळीला आता कायद्याने बंदी आहे.

आमचा पठ्ठ्या तिसऱ्या आठवड्यात माणसात आला. झोपायला लागला, जेवायला लागला. मॅडमनी त्याला विचारलं, "आता घरी जायचं की अजून आठ दिवस राहायचं?" तो राहिला, आणि त्या खेपेला सही त्याची स्वतःची होती. ते सांगताना काकांचा आवाज फोनवर बदलला होता.

सेमिस्टर गेलं. जूनमध्ये तो परत आला, त्याच रूमवर. आठवडाभर आम्ही क्रिकेटवर बोललो. मग एका रात्री लाईट गेल्यावर तो म्हणाला, "ॲडमिट केलं त्याचा राग नाही रे. ते बरोबरच होतं. पण सगळे माझ्याविरुद्ध कट करतायत असं वाटत होतं तेव्हा एकटा तू त्यात नव्हतास. आणि तूच निघालास."

मी म्हटलं, "खरं सांगितलं असतं तर तू पळाला असतास."

"असेन. पण तू विचारलंच नाहीस ना."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. खरं सांगितलं असतं आणि तो खरंच हायवेवर गेला असता तर? मी स्वतःला माफ केलं असतं का? नाही. पण त्याला एकदाही न विचारता मी ठरवून टाकलं की त्याला विचारण्यात अर्थ नाही, हेही तितकंच खरं. दवाखान्यातल्या अनोळखी बाईंनी पाच मिनिटांत जे केलं, ते मी पंधरा दिवस शेजारच्या कॉटवर झोपून केलं नव्हतं.

त्याच कायद्यात आहे की पुन्हा कधी अशी वेळ आली तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, ते आपण आधीच ठरवू शकतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. नेमलेल्या माणसाची मात्र तयारी हवी. दुसऱ्या दिवशी त्याने असाइनमेंटचं एक पान फाडलं, वर तारीख टाकली आणि माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "वडिलांचं लिही ना." तो म्हणाला, "ते रडतात. तू निदान वाद तरी घालशील." मग खाली एक ओळ जोडली, 'मला खोटं सांगून कुठेही नेऊ नये.'

मी "कबूल" लिहून सही केली. ती ओळ पाळणं किती अवघड जाईल ते मला माहीत आहे, त्यालाही आहे.

मित्रांनो, शेजारच्या कॉटवरचा झोपत नसेल, जेवत नसेल, तर आधी हसू नका. त्याच्याशी बोला, रेक्टर सरांना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, तो मराठीतही बोलतो. आणि न्यायची वेळ आलीच, तर निदान एकदा त्याला विचारा. तो नाही म्हणेल. तरीही विचारा.

येरवड्याचा डायलॉग आमच्या विंगमध्ये आता कोणी मारत नाही. परवा एका फर्स्ट इयरच्या पोराने मारला, तेव्हा माझ्या रूममेटनेच त्याला चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, "का रे, कोणाला टाकायचंय?"