खणातली डबी

मी सातवीत असताना, 2009 साली, लोणावळ्यात आमच्या घरी ब्रॉडबँड आलं. मोडेमबरोबर काडेपेटीएवढी एक पांढरी डबी मिळाली होती. ती कशाला असते ते कोणालाच ठाऊक नसल्याने खणात गेली. मोडेम हॉलमध्ये बसला. फोन आजीच्या खोलीत होता, त्याची वायर बाबांनी परस्पर जोडून टाकली.

आजीने रिसीव्हर उचलला की नेट जायचं. डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर आलेलं असायचं आणि कामशेतहून तिच्या धाकट्या बहिणीचा चारचा फोन यायचा. मग मी उपाय काढला. दुपारी गुपचूप आजीच्या फोनची वायर काढायची, संध्याकाळी लावायची. मधेच आजीने फोन उचललाच, तर पावसाने लाइन गेली म्हणायचं. लोणावळ्यात जुलैमध्ये हे कोणालाही पटतं.

बहीण तिकडे रिंग देत राहायची, इकडे काहीच वाजायचं नाही. ‘धाकटी रुसली वाटतं,’ आजी म्हणायची. पण मोठीने आधी फोन का लावायचा? दिवाळीत दोघी भेटल्या त्या भांडणासाठीच. मी चकली खात गप्प बसलो. पुढे त्यांचे फोन महिन्याला एकावर आले.

इंजिनिअरिंगला लो-पास फिल्टर शिकताना मला ती डबी आठवली. फोनवरचा आवाज 4 किलोहर्ट्झच्या खाली असतो. एडीएसएलचा डेटा त्याच दोन तारांवरून साधारण 25 ते 1100 किलोहर्ट्झमध्ये धावतो. डबीतली कॉइल आणि कपॅसिटर फोनच्या वाटेवर वरच्या लहरी अडवतात, आवाज तेवढा जाऊ देतात. फिल्टर नसलेला फोन उचलला की लाइनचा सगळा तोल बदलतो आणि मोडेम गडबडतो. एवढंच होतं. (परीक्षेत हा प्रश्न आला नाही.)

सुट्टीत घरी येऊन डबी शोधली, फोनच्या आधी लावली आणि आजीला सगळं सांगून टाकलं. तिने डबी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

‘केवढ्याला?’

‘फुकट आली होती.’

ती काही बोलली नाही. मग रिसीव्हर उचलून तिने स्वतः कामशेतचा नंबर फिरवला. ‘अगं, हा मेला वायर काढून ठेवायचा!’

चाळीस मिनिटं चाललं. त्यातली निदान दहा माझ्यावर. मी हॉलमध्ये मोडेमच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो होतो. एकदाही विझला नाही.