कुजक्या झावळीवरील प्रजा

वाशीम जिल्ह्यात नाल्याकाठी शिंदीची झाडे दिसतात. त्यांच्या पात्यांची केरसुणी होते आणि दिवाळीत तीच लक्ष्मी म्हणून पूजिली जाते. गळून चिखलात पडलेल्या झावळीची मात्र कोणी विचारपूस करीत नाही.

पावसाळ्यात अशा झावळीच्या देठावर काळे ठिपके आणि करडी लव उमटते. ती सूक्ष्म बुरशी होय. शिंदी, ताड, माड यांची पाने मोठी चिवट व तंतुमय. ती कुजवून मातीस परत देण्याच्या कामात या बुरशीचा वाटा फार मोठा आहे.

कवकशास्त्रज्ञ ही झावळी कागदी पिशवीतून प्रयोगशाळेत नेतो. तेथे ओल्या टीपकागदावर, झाकलेल्या काचेच्या बशीत तिचे तुकडे कित्येक आठवडे ठेवावयाचे आणि वरचेवर भिंगाखाली निरखावयाचे. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे! ठिपका पिकला म्हणजे सुईच्या अग्राने बीजाणू उचलतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. कोणी चंद्रकोरीसारखा वाकडा, कोणी चाकासारखा वेटोळे घातलेला. आत पडदे किती, बीजाणू दांडीवर एकेकटा धरतो की माळेने, यांवरून पूर्वी कूळ ठरवीत. आता जनुकांचीही तपासणी करतात, आणि रूपाने जुळी भासणारी दोन कवके तीत कधी कधी अगदी परकी निघतात.

जीव नवा ठरला, तरी नाव सहजासहजी मिळत नाही. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो वाळवून संग्रहालयात जपावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रह हे त्यांपैकी एक ठिकाण. २०११ च्या अखेरपर्यंत नव्या कवकाचे वर्णन लॅटिन भाषेत देणे बंधनकारक होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

गोवा विद्यापीठाचे डी. जे. भट आणि कॅनडाचे ब्राइस केंड्रिक यांनी १९९३ मध्ये पश्चिम घाट व अंदमान येथील २५ नव्या बुरशींची वर्णने एकाच निबंधात प्रसिद्ध केली. तरीही काम किती उरले आहे पाहा. पृथ्वीवर कवकांच्या २२ ते ३८ लक्ष जाती असाव्यात, असा अंदाज २०१७ मध्ये वर्तविण्यात आला. नावे मिळाली आहेत ती सुमारे दीड लक्ष जातींना.

शोधकास वाशीमच्या नाल्याकाठीही भाद्रपदात ओल्या झावळ्या मिळतील. बांधावरची साफसफाई करताना कोणी त्या पेटवून देण्यापूर्वी मात्र त्याने तेथे पोहोचले पाहिजे.