मागची बैठक

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसानें नायगारा वर्णन करूं नये, इतकें तें वर्णन आतां घरोघरीं पाठ झालें आहे. म्हणून मी फ्लॉरिडांतील एका दिवसाविषयींच लिहितों; आणि त्या दिवसांतही एका बैठकीविषयीं, जिच्यावर मी जेमतेम दोन मिनिटें बसलों असेन.

आमचा पुतण्या ऑर्लंडोस नोकरी करतो. त्याच्या बिऱ्हाडीं आम्ही तिघें गेलों होतों: मी, सौ. आणि माझी थोरली बहीण. तिला घरांत लहानथोर सगळे आक्काच म्हणतात. आक्काचें वय अडुसष्ट. तिसऱ्या वर्षीं पोलिओनें तिचा डावा पाय लुळा केला, तेव्हांपासून त्या पायास मांडीपासून टांचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातीं काठी. छत्तीस वर्षें तिनें शाळेंत गणित शिकविलें. तिचे विद्यार्थी आतां स्वतः आजोबा होऊं लागले आहेत, तरी रस्त्यांत ती दिसली कीं हातांतली विडी टाकतात. सरकारी कागदांत हल्लीं 'दिव्यांग' असा शब्द असतो. तो तिला खपत नाहीं. "दिव्य कांहीं नाहीं, पाय लुळा आहे," असें ती कारकुनाला तोंडावर सांगते.

एक जुनी गोष्ट येथेंच सांगून टाकतों, कारण पुढें तिची गरज आहे. आमच्या लहानपणीं गांवच्या जत्रेंत चार पेट्यांचा लाकडी पाळणा येत असे आणि दोन माणसें तो हातांनीं फिरवीत. एका वर्षीं पाळणेवाल्यानें "पोरीचा पाय अडकेल" म्हणून आक्काला पेटींतून खालीं उतरविलें. त्या माणसाला मी फारसा दोष देत नाहीं. पण दुसऱ्या वर्षापासून तिला उतरविण्याची त्याला गरजच पडली नाहीं. "आक्का, तूं चपला सांभाळ," असें आम्हीं भावंडेंच म्हणूं लागलों. सर्वांच्या आधीं मी म्हणत असें. आणि ती आठ-दहा जोड पायाशीं मांडून, वर जाणाऱ्या-येणाऱ्या पेट्यांकडे पाहत उभी राही.

ऑर्लंडोजवळचें 'मॅजिक किंग्डम' हें उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलें. तेथें एकदम दाराशीं जाऊन उभें राहतां येत नाहीं. मोटार दूर लावावयाची, मग एका विस्तीर्ण तळ्यावरून बोटीनें किंवा एकाच रुळावरून धांवणाऱ्या गाडीनें पलीकडे जावयाचें. आम्ही बोटीनें गेलों. तळ्यापलीकडे राजवाड्याचे निळे कळस हळूहळू मोठे होत जातात. तिकिटाच्या रकमेनें मन खट्टू झालेला मनुष्यही तेवढ्यापुरता निवळतो. दाराशीं चाकांची खुर्ची भाड्यानें मिळते. आक्का घरांत खुर्चीला शिवत नाहीं, पण दिवसभर कोसभर चालणें तिला शक्य नव्हतें, म्हणून मुकाट्यानें बसली.

खुर्ची ढकलणाऱ्यालाच रस्त्याची खरी पारख होते. संबंध दिवसांत मला ती कोठें उचलावी लागली नाहीं. पायरी आली कीं शेजारीं उतार असावयाचाच. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' नांवाची बाहुल्यांमधून जाणारी जलसफर आहे. तिच्यासाठीं अशी होडी ठेवलेली आहे कीं माणूस चाकांच्या खुर्चीसकट तींत चढतो. आम्ही तसे गेलों. देशोदेशींच्या बाहुल्या नाचल्या, गाणें झालें. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "छान आहे. पण बाहुल्या पाहायला मी सात समुद्र ओलांडून आलें नाहीं." आणि तिनें काठीनें एका पांढऱ्या, लाटेसारख्या वळलेल्या प्रचंड छताकडे बोट दाखविलें. त्याखालून किंकाळ्या ऐकूं येत होत्या.

तें 'ट्रॉन' होतें. १९८२ सालच्या एका चित्रपटावरून घेतलेली ही रोलर कोस्टर, म्हणजे उंचसखल रुळांवरून वेगानें धांवणारी गाडी. ती प्रथम शांघायच्या उद्यानांत १६ जून २०१६ रोजीं सुरू झाली. येथें तिची जुळी बहीण ४ एप्रिल २०२३ रोजीं आली. वेग ताशीं सुमारें ६० मैल. चार फुटांहून ठेंगण्या मुलास बसूं देत नाहींत. पण हिचें वैशिष्ट्य वेगांत नाहीं, बैठकींत आहे. हिच्यांत बांक नाहींत. दोन-दोनांच्या ओळींनीं मोटारसायकली जोडलेल्या आहेत. स्वारानें त्यांवर घोड्यावर बसतात तसें दोन्हीकडे पाय टाकून बसावयाचें, छाती पुढें झोंकावयाची, गुडघे दुमडून नडग्या मागें न्यावयाच्या. मुठी ओढल्या कीं पाठीमागून एक गादी येऊन कंबर धरते आणि पोटऱ्यांमागें एक अडणा बसतो.

आमच्या नातीचे (पुतण्याच्या मुलीचे) डोळे लकाकले. माझ्या पोटांत मात्र गोळा आला, कारण आक्काचेही लकाकले होते.

"आक्का, हें तुझ्या पायाला झेपायचें नाहीं."

"तुला कसें ठाऊक?"

याचें उत्तर मजजवळ होतें. अशा गाड्यांविषयीं आदल्या रात्रींच मी थोडें वाचून ठेवलें होतें. जुलै २०११ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील एका उद्यानांत, इराकच्या युद्धांत दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक रोलर कोस्टरवर बसला आणि धांवत्या गाडींतून फेंकला जाऊन मरण पावला. त्या गाडीचे अडणे मांड्यांवर व नडग्यांवर बसणारे होते. दोन्ही पाय असल्याशिवाय बसूं नये, असें तेथें लिहिलेलेंही होतें. तरी त्याला बसूं दिलें गेलें. हें सगळें मीं आक्काला तेथेंच, उन्हांत उभ्यानें सांगितलें.

तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "त्याला त्याच्यासाठीं न केलेल्या जागीं बसविलें. यावरून मी कोठें बसावें हें विचारायला हवें, एवढेंच निघतें. मी बसूं नये, हें कसें निघालें?" गणिताच्या शिक्षिकेशीं वाद घालूं नये.

दाराबाहेरच एक मोटारसायकल नमुन्यादाखल ठेवलेली आहे, कोणींही बसून पाहावें म्हणून. ही सोय मला फार शहाणपणाची वाटली. रांगेंत तासभर उभें राहून, अगदीं गाडीपाशीं, शंभर माणसांदेखत "तुम्हांला जमणार नाहीं" असें ऐकण्यापेक्षां तें आधींच, बाहेर, आपलें आपल्याला कळावें. आक्कानें गुडघ्याची कळ उघडली, उजवा पाय टाकला, डावा हातानें उचलून ठेवला. पण कॅलिपरच्या पट्ट्यांमुळें नडगी मागें जाईना. तिनें दोनदां प्रयत्न केला. कोणी हंसलें नाहीं, कोणीं घाईही केली नाहीं. मी मनांतल्या मनांत सुटलों असें म्हणत होतों. खोटें कशाला बोलूं?

इतक्यांत तेथील एक मुलगी पुढें आली आणि अगदीं सहज, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसें म्हणाली कीं, कांहीं गाड्यांच्या शेवटीं वेगळी बैठक जोडलेली असते. तींत नेहमींसारखें समोर पाय सोडून बसावयाचें व मांडीवर आडवा दांडा येतो. खुर्चींतून त्या बैठकीवर स्वतःला किंवा सोबत्याच्या मदतीनें जातां आलें पाहिजे. तशी गाडी येईपर्यंत थांबावें लागेल. थांबाल का?

आक्का म्हणाली, "साठ वर्षें थांबलें आहें." मुलीला मराठी येत नव्हतें, पण तिनें मान डोलावली.

आम्ही थांबलों. आमच्यापुढें त्याच बैठकीसाठीं एक धिप्पाड गृहस्थ थांबले होते. दोन्ही पाय खणखणीत, पण पोटऱ्या इतक्या जाड कीं मागचा अडणा बसेना. 'अपंगांची बैठक' असें मीं तिला मनांत नांव ठेवलें होतें, तें तेथेंच गळून पडलें. मोटारसायकलीच्या आंखणाऱ्यानें आपल्या मनांत एक देह धरला होता. त्याहून ज्याचा देह निराळा, त्या प्रत्येकासाठीं ही मागची बैठक आहे.

हें सगळें सौजन्यानेंच झालें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत १९९० सालीं अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालीं २०१० सालीं जे सविस्तर नियम निघाले, त्यांत करमणुकीच्या गाड्यांचाही विचार आहे. १५ मार्च २०१२ पासून जी नवी गाडी बांधली जाईल, तींत निदान एक तरी सोय हवी: चाकांची खुर्ची ठेवण्याइतकी जागा, किंवा खुर्चींतून जिच्यावर सरकतां येईल अशी बैठक, किंवा सरकण्यास साह्य करणारें एखादें साधन. अशी बैठक फलाटापासून किती उंच असावी, तेंही ठरलेलें आहे: चौदा इंचांपेक्षां कमी नको, चोवीसपेक्षां जास्त नको. गांवोगांव हिंडणारे, आज उभारून उद्यां मोडले जाणारे पाळणे यांतून वगळले आहेत. म्हणजे आमच्या जत्रेचा पाळणेवाला अमेरिकेंतही सुटलाच असता!

याच कायद्याच्या नियमांतील दुसरें एक कलम मला अधिक झोंबलें. सुरक्षिततेसाठीं एखाद्यास मनाई करावयाची तर ती खऱ्या धोक्यावर आधारलेली असावी. नुसत्या तर्कावर, ठरीव समजुतींवर किंवा 'अशा माणसांना जमत नाहीं' या सरसकट अनुमानावर नसावी. २०११ च्या अपघातांतला धोका खरा होता. आणि "आक्का, तूं चपला सांभाळ"?

या गाड्यांचा मूळपुरुष पाहिला तर मौज वाटते. १८८४ सालीं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्सन यानें जी गाडी चालविली, तिचा वेग ताशीं सहा मैलांच्या आसपास, भाडें पांच सेंट. आणि लोक लांब बांकावर, बाजूला तोंड करून, ओसरीवर बसावें तसे बसत. ती बैठक आक्काला सहज चालली असती. नडला असता तो वरच्या मनोऱ्यापर्यंतचा जिना. पुढें वेग वाढला, तसा देहाला जखडण्याचा बंदोबस्त वाढला, आणि बंदोबस्त जितका अंगाबरोबर तितकीं त्याबाहेर पडणारीं अंगेंही अधिक.

टेक्सासमध्यें सॅन अँटोनियो येथें याच्या अगदीं उलट प्रकार आहे. तेथें गॉर्डन हार्टमन नांवाच्या गृहस्थानें आपल्या अपंग मुलीच्या, मॉर्गनच्या, नांवानें २०१० सालीं एक उद्यानच उघडलें. तेथील मेरी-गो-राउंडवर, आकाशपाळण्यांत, झोपाळ्यावर, सर्वत्र खुर्चीसकट जातां येतें आणि अपंग पाहुण्यांस प्रवेशाचें मोल पडत नाहीं. तें उद्यान मीं पाहिलेलें नाहीं. पाहावें अशी इच्छा आहे. पण आक्काला विचारलें तर ती म्हणते, "सगळे बसतात त्या गाडींत बसायचें होतें मला."

आंत जाण्यापूर्वीं सौ. नें संवयीप्रमाणें हात पुढें केला: "पिशव्या, चष्मे माझ्याकडे द्या, मी बाहेर बसतें." नात हंसूं लागली. सर्वांचें सामान ठेवण्यास तेथें कपाटें आहेत, त्यांचे पैसे पडत नाहींत. अलीकडच्या बाजूनें ठेवावें, उतरल्यावर पलीकडच्या बाजूनें काढून घ्यावें. सामान सांभाळीत कोणीं बाहेर उभें राहण्याचें कारण नाहीं. मीं आक्काकडे पाहिलें नाहीं. ती माझ्याकडे पाहत होती कीं काय, तें सांगतां येत नाहीं.

आमची गाडी आली. काठी त्या मुलीनें ठेवून घेतली. आक्का फलाटावरून बैठकीवर सरकली, पाय हातानें आंत घेतला, दांडा मांडीवर आला. बैठक दोघांची होती. "तूं बस शेजारीं," असें तिनें मला फर्माविलें. नात पुढें एका मोटारसायकलीवर, चित्त्यासारखी वांकून.

पुढचें मला नीटसें आठवत नाहीं. आरंभीं गाडी क्षणभर थबकते आणि मग पाठींत कोणीं धक्का द्यावा तशी सुटते. बाहेर त्या पांढऱ्या छताखालून एक मोठें वळण. मग एकदम अंधार आणि त्यांत रंगीत रेषा. मीं डोळे बहुतेक मिटून घेतले होते. आक्काचे उघडे होते, असें ती सांगते. तिच्या तोंडून आवाज मात्र एकच निघाला आणि तो किंकाळीचा नव्हता, वर्गांत अवघड उदाहरण कोणा मुलानें बरोबर सोडविलें म्हणजे ती "हं!" म्हणते, तसा.

रात्रीं जेवतांना पुतण्यानें विचारलें, "आत्या, कशी वाटली गाडी?"

"गाडी चांगली आहे," आक्का म्हणाली, "पण मागें बसलें, त्यामुळें निम्मा वेळ पुढच्यांच्या पाठीच दिसल्या. ती बैठक पुढें कां नाहीं ठेवली?"

याचें उत्तर आमच्यांत कोणाजवळ नव्हतें. पत्र कोणाला लिहावयाचें, तें तिनें नातीकडून शोधून काढविलें, कागद उशाशीं ठेवला आणि कॅलिपर सोडून झोपायला गेली.