परक्या आकारातले खनिज

घनाकृती खडा, धारदार कडा, प्रत्येक बाजूवर बारीक समांतर रेघा: हे रूप पायराइटचे. पण रंग सोनेरी नसून तपकिरी असेल, तर त्यात पायराइट बहुधा उरलेलेच नसते. प्राणवायू मिसळलेल्या पाण्याने गंधक वाहून नेलेले असते आणि मागे राहिलेल्या लोहाचे गोथाइट झालेले असते. गोथाइटचे स्वतःचे स्फटिक असे घनाकृती नसतात. इथे ते पायराइटच्या घरात, रेघांसकट, राहायला आलेले असते. अशा नमुन्याला छद्मरूप म्हणतात. नाव जरा अन्यायाचेच, कारण खनिजाने सोंग घेतलेले नसते. त्याला आकार आयता मिळालेला असतो.

जुने जिथे विरघळते तिथल्या तिथे नवे साचत गेले, तरच हा आकार टिकतो. कधी दोघांचे रासायनिक नाते असते. निळ्या अझुराइटचे हिरवे मॅलाकाइट होताना तांबे कायम राहते, कार्बोनेटचे प्रमाण तेवढे घटते. नामिबियातील त्सुमेबच्या खाणीतले असे नमुने जगभर नावाजलेले आहेत. कधी नाते काहीच नसते. कॉर्नवॉलच्या व्हील कोट्स खाणीत फेल्डस्पारच्या स्फटिकांची जागा कॅसिटेराइटने, म्हणजे कथिलाच्या खनिजाने घेतली. बोलिव्हियात कोरोकोरोला तर ॲरागोनाइटच्या षट्कोनी आकारात चक्क धातुरूप तांबे सापडते.

असे नमुने पुष्कळदा मंद, खडबडीत दिसतात आणि चकाकी शोधणारा ते बाजूला सारतो. जाणता संग्राहक मात्र अर्धवट बदललेला खडा आधी उचलतो: एका टोकाला अजून निळाई, दुसऱ्या टोकाला हिरवा रंग. सोबतच्या चिठ्ठीवर दोन्ही खनिजांची नावे आणि ठिकाण हवेच. स्वच्छतेसाठी आम्ल वापरणे महागात पडते. मॅलाकाइट त्यात विरघळून जाते.

ग्लेंडोनाइटच्या चिठ्ठीवर जुन्या खनिजाचे नाव मात्र बराच काळ लिहिता येत नव्हते. ऑस्ट्रेलियातील ग्लेंडनवरून नाव मिळालेले हे टोकदार खडे कॅल्साइटचे, पण आकार कॅल्साइटचा नव्हे. ग्रीनलंडच्या इक्का खाडीत, थंड पाण्याखाली, 1963 मध्ये इकाइट हे खनिज ओळखले गेले. बाहेर काढून ऊब लागताच ते मोडते. उरते पाणी आणि कॅल्साइटचा चुरा. ग्लेंडोनाइटचा आकार या इकाइटचा, हे त्यानंतर काही वर्षांनी उलगडले.