उमापूरची धुमसती दोरी

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचे गाव आहे. तिथे पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर प्रवासवर्णनाच्या थाटात सांगावे असे माझ्यापाशी फारसे नाही. तालुक्याची उत्तर सीमा आखीत वाहणारी गोदावरी, रस्त्याच्या दोन्ही हातांना कपाशी आणि तूर, मधूनच उसाचा हिरवा पट्टा, आणि दिवाळीच्या सुमारास पोराबाळांसह ऊसतोडणीला निघालेली बिऱ्हाडे, एवढाच काय तो देखावा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण चहाच्या बाकड्यावर विडी ओढीत बसलेल्या माणसाला "ही विझव" असे म्हणणारा कायदा यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तो कायदा न्यायाचा की जुलमाचा, याचा खल मी उमापुरात ऐकला. तो मुंबई-पुण्याच्या वाचकांच्याही कामाचा आहे, म्हणून हा लेख.

माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात शिक्षक आहे. "सर, दिवाळीच्या आधी एकदा याच," असा त्याचा तगादा होता. एसटीतून उतरल्यावर त्याने मला सरळ चहाला नेले. खेड्यात चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको. चार मेढी, वर पत्रे, तीन बाकडी, एक भट्टी. भट्टीपाशी मालकीणबाई आणि गल्ल्यावर त्यांचे यजमान. बाहेर कडुनिंबाला काथ्याची एक दोरी टांगलेली होती आणि तिचे टोक धुमसत होते. विडी पेटवण्याची ही सोय पानाच्या दुकानावर आपण पुष्कळदा पाहतो. पण बाकडी आत आणि दोरी बाहेर, हे कोडे काही उलगडेना.

"ती आधी आतच होती, या मधल्या मेढीला," विद्यार्थी हळूच म्हणाला. "मावशींनी बाहेर नेऊन बांधली. तेव्हापासून गावात दोन तट आहेत."

विरुद्ध तटाचे पुढारी समोरच बसले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, कमरेला चंची. सगळे गाव त्यांना आबा म्हणते. मी कॉलेजात शिकवतो हे कळताच त्यांनी मलाच न्यायासनावर बसवले.

"मास्तर, इडी माझ्या पैशाची, तोंड माझं, छाती माझी. मग सरकारच्या पोटात का दुखतंय?"

आबांचा प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरहून तंबाखू घेऊन आग्र्याला गेला, आणि बादशहापुढे त्याने नवलाची वस्तू म्हणून ती ठेवली. म्हणजे मोगल दरबारला तंबाखूची ओळख करून दिली ती आपल्या दख्खनने! पुढे १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. बंदी गेली, तंबाखू राहिली. माणसाला त्याच्याच भल्यासाठी हुकूम सोडला की तो असाच वाऱ्यावर जातो. कायदा एवढ्यावरच उभा असता तर मी आबांच्याच बाजूने निकाल दिला असता.

पण हा कायदा दुसऱ्याच पायावर उभा आहे. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने स्वतः कधी सिगारेट न ओढणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे नवरे ओढणारे होते, त्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त आढळले. त्यानंतर या विषयाचे रूपच पालटले. आपल्याकडे जुलै १९९९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान बेकायदा ठरवले. मुंबईचे महापौरपद भूषवलेले मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने इस्पितळे, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या, आगगाड्या अशा ठिकाणी देशभर मनाई केली. २००३ साली संसदेने कायदा केला. आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, नवे नियम लागू झाले. त्यांत कामाच्या जागा आल्या, उपाहारगृहे आली, दोनशे रुपयांपर्यंतचा दंड आला. काडेपेटी, रक्षापात्र असले धूम्रपानाला हातभार लावणारे सामान मालकाने तिथे ठेवू नये, असेही त्या नियमांत आहे. मावशींची दोरी त्यातच मोडते!

"मग पारावर बी बंदी का?" आबांनी विचारले.

पारावर नाही, मी सांगितले. मोकळी जागा कायद्याने वगळली आहे. मात्र एसटीचा थांबा मोकळा असला तरी तिथे मनाई आहे.

"म्हंजे वडाखाली चालतंय आन् थांब्यावर न्हाई. बरं हाय!" आबा हसले.

इतका वेळ मावशी गाळणीतून चहा ओतीत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "आबा, तुमी च्या पिऊन घराकडं जाता. मी सकाळधरनं दिवस मावळंस्तवर हितंच उभी. धुराचा तरास झाला तर मी कुठं जाऊ?"

यजमान गल्ल्यातली नाणी मोजू लागले. आबाही गप्प झाले.

कायद्याच्या न्याय्यतेवर मी इंग्रजी-मराठीत बरेच वाचले आहे. दुकान मालकाचे, तिथे काय चालावे हे त्याने ठरवावे. ज्याला धूर नको त्याने दुसऱ्या हॉटेलात जावे, असा एक पक्ष हिरिरीने मांडला जातो. गिऱ्हाइकापुरता तो खराही आहे. पण तिथे काम करणाऱ्याचे काय? वाढपी, कारकून, परिचारिका, कंडक्टर यांना पोटासाठी त्याच हवेत आठ-दहा तास काढावे लागतात. "नको असेल तर नोकरी सोड" हे म्हणायला सोपे आहे. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्या बाजूने कुणीतरी उभे राहायला हवे, आणि तिथे कायद्याचे काम सुरू होते.

भाषेच्या मास्तराला इथे एक गंमत दिसते. मराठीत आपण विडी 'ओढतो', संस्कृत शब्दात धुराचे 'पान' करतो. दोन्ही शब्द धूर आत घेणाऱ्याचे आहेत. ओढलेला धूर पुढे जातो कुठे आणि कोणाच्या छातीत, याचा हिशोब त्या शब्दांत नाही. तो कायद्याने मांडला.

मात्र आबांचे सगळेच म्हणणे मोडीत काढता येत नाही. हाच कायदा तीस खोल्यांच्या हॉटेलाला किंवा तीस बैठकींच्या उपाहारगृहाला वेगळी धूम्रपानाची खोली ठेवू देतो. तीन बाकड्यांच्या टपरीला ती मुभा कुठली! म्हणजे शहरातल्या साहेबाला गार हवेची खोली आणि आबांना कडुनिंबाची सावली. खरे तर त्या खोलीतली राख उचलायलाही कोणी माणूसच जात असेल. छाती त्यालाही आहे. मला विचाराल तर ती सवलतच काढून टाकावी, म्हणजे न्याय सारखा होईल.

दुसरी गोष्ट सुट्या विडीची. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यास बंदी केली. वेष्टणावरचा इशारा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावा हा हेतू. हेतू चांगला. पण रोजंदारीवरचा माणूस दोन विड्या मागतो आणि त्याला अख्खे बंडल घ्यावे लागते, यात त्याचे व्यसन सुटेल की वाढेल, याची मला शंका वाटते. इथे दुसऱ्याच्या श्वासाचा प्रश्न नाही. कायदा पुन्हा जहांगिराच्या वाटेने जातो.

आकडेही बोलके आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभर प्रौढांपैकी जेमतेम चार, ३.८ टक्के, धूम्रपान करणारे निघाले; तंबाखू खाणारे किंवा मशेरी लावणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे धुराचा कायदा थोड्यांना आवरतो आणि पुष्कळांना सांभाळतो. त्याच पाहणीत देशभरातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितले की आमच्या घरातच आम्हाला दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो.

तेव्हा खरी अडचण घराची आहे. अमेरिकेत सरकारी गृहसंस्थांच्या वसाहतींमध्ये जुलै २०१८ अखेरपर्यंत घरातल्या धूम्रपानालाही मनाई झाली. भिंतीला भिंत लागून असली की धूर शेजाऱ्याची परवानगी घेत नाही, हे त्यामागचे कारण. आमच्या शहरी चाळींना आणि सदनिकांना ते लागू पडते, हे खालच्या मजल्याचा धूर खिडकीतून घेणारा कोणीही सांगेल. तरीही मला त्या नियमात एक सल दिसतो. सरकारी घरात राहतो तो गरीब. बंगल्यात राहणाऱ्याच्या दाराशी तो नियम फिरकत नाही. शिवाय माझ्या बिऱ्हाडात कोण काय करतो हे पाहायला शिपाई यावा, हे कोणालाही रुचणार नाही. जिना, लिफ्ट, व्हरांडा ही सर्वांची जागा. तिथे सोसायटीने नियम करावा आणि पाळावा. दाराच्या आत आपला देश कायदा पाठवत नाही, आणि ते बरेच आहे.

पण म्हणून दाराच्या आतला धूर निराळा होत नाही. तिथेही स्वयंपाकघरात कोणीतरी उभे असते, पाळण्यात कोणीतरी निजलेले असते, खोकल्याने बेजार झालेली म्हातारी कॉटवर पडलेली असते. यांतले कोणीही उठून दुसऱ्या घरी जाऊ शकत नाही. उमापूरच्या त्या बाईंनी दंडाची पावती फाडली नाही की पोलिसाला बोलावले नाही; दोरी दहा पावले दूर नेली आणि गिऱ्हाईकही टिकवले. या दिवाळीत तुमच्या बैठकीत पाहुणेमंडळी जमतील, फराळानंतर कोणाचा तरी हात खिशाकडे जाईल. अशा वेळी यजमानाने हसतमुखाने "चला, जरा बाहेर उभे राहू" एवढेच म्हणावे. पाहुणा रागावणार नाही, आणि आत बसलेल्यांना तोंडाने काही मागावे लागणार नाही.