आमची तांबडी शिंकते!

दोस्तांनो, कोंबडीला शिंकताना कधी ऐकलंय? हसू नका! कोंबडीही शिंकते. आपल्यासारखी 'आऽऽक्छी' नव्हे, तर मान झटकून बारीकसं 'फिच्च' करते. लक्ष नसेल तर कळतही नाही. मला ते कळलं १९९४ च्या डिसेंबरात, मी सहावीत असताना. आणि त्या शिंकेचं कारण मीच होतो, हे कळायला आणखी आठ दिवस लागले.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. थंडीत राज्यातलं सर्वांत कमी तापमान कुठे, या बातमीत निफाडचं नाव बऱ्याचदा असतं. पारा फार उतरला की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मला वाटलं, द्राक्षांना एवढी ऊब, मग आमच्या कोंबड्यांनी काय घोडं मारलंय? परसातल्या खुराड्यात सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. मी खुराड्याच्या जाळीला चारी बाजूंनी बारदानं बांधली, वरून खताच्या प्लास्टिकच्या गोण्या. बोटभर फट ठेवली नाही! खाली अंथरलेला भुसा बदलायचं कामही माझ्याकडेच होतं, पण त्या थंडीत पहाटे उठतंय कोण?

आठवड्याभरात तांबडी शिंकू लागली. तांबडी आजीची लाडकी. तिच्या अंड्यांच्या पैशांतून माझ्या वह्या यायच्या. पाठोपाठ तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अंडी बंद झाली. आजीने लसणाची पाकळी भरवली. मी म्हटलं, "थंडी बाधली गं तिला," आणि आणखी एक बारदान चढवलं.

आजीचा हिशेब रोखठोक. "बुधवारपर्यंत वाट बघते. मरून वाया जाण्यापेक्षा..." पुढचं ती बोलली नाही. पण बुधवारी आमच्या घरी चुलीवर काय शिजतं, ते मला ठाऊक होतं.

सोमवारी शाळा सुटताच तांबडीला पाटीत बसवून, वर फडकं बांधून मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिची चोच उघडून पाहिली, छातीला कान लावला. "तोंड सुजलेलं नाही, नाकातून घाण येत नाही. ठेवतोस कुठे हिला?" मी मोठ्या ऐटीत माझा बंदोबस्त सांगितला. ते म्हणाले, "आज अंधार पडला की तूही खुराड्यात डोकं घाल. अगदी कोंबडीच्या उंचीवर. आणि शंभरपर्यंत अंक मोज."

मी वीसपर्यंतसुद्धा पोचलो नाही! डोळे चुरचुरले, नाकात मिरची गेल्यासारखं झालं आणि मीच सटासट शिंकलो.

तो अमोनिया होता. कोंबडीची लघवी वेगळी नसते, विष्ठेवर पांढरं दिसतं ना, तीच ती. भुसा ओला राहिला की सूक्ष्म जीव त्यातून अमोनिया वायू तयार करतात. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला, की धोका समजावा. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात. ते धूळ आणि जंतू बाहेर लोटतात. अमोनियाने हे झाडूवालेच गारद होतात, मग रोगजंतूंना मोकळं रान! त्यातून कोंबडीची श्वासाची यंत्रणा मोठी पसरलेली. तिला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. फुप्फुसांना जोडलेल्या आठ-नऊ हवेच्या पिशव्या अंगभर असतात, काही तर पोकळ हाडांतही शिरतात. वाईट हवा कुठवर जात असेल, बघा! आणि थंडीचं म्हणाल, तर पिसं फुगवून कोंबडी ती सहज सोसते. तिला झोंबतो तो अंगावर येणारा वारा आणि ओल.

पण बरं का, प्रत्येक शिंक अशी साधी नसते. चेहरा सुजला, नाकातून घाण वास आला, चोच उघडी ठेवून श्वास घेतला किंवा मान वाकडी झाली, तर कोंबडी लगेच वेगळी करायची आणि डॉक्टर गाठायचे. शिंका राणीखेतच्याही असू शकतात. हिमालयातल्या राणीखेत गावी १९२७ च्या सुमारास हा रोग आढळला, म्हणून आपल्याकडे हे नाव. त्यावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकतात. आणि पुष्कळ कोंबड्या एकदम मेल्या तर हातही लावू नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. घरातल्या माणसांच्या गोळ्या कोंबडीच्या पाण्यात घालण्याचा शहाणपणाही नको. (माझ्या मनात तो येऊन गेला होता!)

तर, त्या रात्री बारदानं सोडण्याआधी मी आजीला हाक मारली. तिनेही आत डोकं घातलं आणि पदराने डोळे पुसतच बाहेर आली. "मुडद्या, कोंडून मारत होतास की रे त्यांना!"

आम्ही कंदिलाच्या उजेडात वरची जाळी मोकळी केली. वारा येतो त्या बाजूला खाली एकच बारदान ठेवलं. ओला भुसा उकिरड्यावर टाकला, कोरडा अंथरला. तांबडीला चार दिवस वेगळं डालग्याखाली ठेवलं.

बुधवारी सकाळी ती अजून शिंकत होती, पण दाणे टिपत होती. आजी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मी दप्तर घेऊन दारातच थांबलो. शाळेला उशीर होत होता, पण पाय निघेना.

"जा आता," आजी म्हणाली. "आणि येताना किलोभर बटाटे आण. आज बटाट्याचं कालवण."